कर, संमती आणि क्रांती : अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पूर्वपीठिकेचा एक अभ्यास (१७६३–१७७६)

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध बंड का केले, या प्रश्नाला आपल्या विद्यार्थ्यांकडून बहुधा एकच उत्तर मिळते : "इंग्लंडने वसाहतींवर जाचक कर लादले, म्हणून." उत्तरपत्रिकेत या वाक्याला गुण मिळतात, आणि ते सर्वस्वी चूक आहे असेही नाही. परंतु ते तपासून पाहिले की अडचणी उभ्या राहतात. त्या काळी इंग्लंडमधील सामान्य माणूस अमेरिकेतील वसाहतवाल्यापेक्षा कितीतरी पट अधिक कर भरत होता. तरी बंड इंग्लंडमध्ये झाले नाही. १७६४ साली मळीवरील जकात वाढवली नव्हती, निम्म्याने कमी केली होती. तरी तक्रार झाली. १७७३ च्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता. तोच चहा बोस्टनच्या बंदरात बुडवला गेला. कर जड होता म्हणून क्रांती झाली, एवढ्याने या तीन गोष्टींचा उलगडा होत नाही.

तेव्हा प्रश्न कराच्या रकमेचा नसून कर बसवण्याच्या अधिकाराचा होता, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. करामुळे एक जुना राजकीय विचार रोजच्या व्यवहारात आला, आणि त्या विचारामुळे एका क्षुल्लक कराला स्वातंत्र्याच्या प्रश्नाचे रूप मिळाले. हे दोन धागे कसे गुंफले गेले ते क्रमाने पाहू.

१. विजयाची किंमत

१७५६ ते १७६३ या काळातील सप्तवार्षिक युद्धात इंग्लंडने फ्रान्सचा पराभव केला. कॅनडा इंग्लंडकडे आला आणि भारतातही फ्रेंचांचे बळ मोडले. परंतु हा विजय उधारीवर मिळवलेला होता. इंग्लंडचे राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या वर गेले. त्यातच अमेरिकेच्या नव्या सरहद्दीवर सुमारे दहा हजार सैनिकांची फौज ठेवण्याचे ठरले. १७६३ मध्ये पॉन्टिॲक या मूलनिवासी नेत्याच्या नावाने ओळखला जाणारा उठाव झाल्यामुळे फौज आवश्यकच आहे, अशी लंडनची खात्री पटली. त्याच वर्षीच्या राजघोषणेने ॲपलाचिअन पर्वतापलीकडे वस्ती करण्यास मनाई केली. जमिनीवर डोळा ठेवून असलेले वसाहतवाले यामुळे नाराज झाले.

पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांचा हिशेब सरळ होता : फौज वसाहतींच्या रक्षणासाठी आहे, तेव्हा तिच्या खर्चाचा काही भाग वसाहतींनी उचलावा. लंडनमध्ये बसून पाहिले तर यात अन्याय दिसत नव्हता. हा मुद्दा वर्गात प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. इंग्लंडची बाजू मुळात बिनबुडाची होती असे समजल्यास पुढचा वाद कळत नाही.

२. जकात आणि कर

येथे एक भाषिक भेद उपयोगी पडतो. मराठीत 'जकात' म्हटले की नाक्यावर मालावर घेतली जाणारी रक्कम डोळ्यांसमोर येते. मुंबईतील जकात २०१७ साली संपली तरी 'जकात नाका' हा शब्द टिकून आहे. उर्दूत त्याच अरबी शब्दाचा अर्थ मालमत्तेतून काढून ठेवावयाचा धार्मिक देय भाग असा होतो. एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले, कारण देणे कोणाच्या हुकमाने आणि कशासाठी, ही बाब दोन्हीकडे वेगळी आहे. अमेरिकेतील वादही नेमका याच भेदाभोवती फिरत होता.

व्यापाराचे नियमन करण्यासाठी बंदरात मालावर जकात बसवणे हा पार्लमेंटचा अधिकार वसाहतींना फार काळ मान्य होता. १७३३ च्या कायद्याने परक्या बेटांवरून येणाऱ्या मळीवर गॅलनमागे सहा पेन्स जकात होती. ती क्वचितच भरली जाई. चोरटा व्यापार आणि लाचलुचपत यांवर काम भागत असे. १७६४ च्या शुगर ॲक्टने हा दर तीन पेन्सवर आणला, पण वसुली कडक केली आणि तस्करीचे खटले ज्यूरी नसलेल्या नाविक न्यायालयांकडे चालवण्याची सोय केली. शिवाय या जकातीचा उद्देश महसूल उभारणे हा आहे, असे कायद्यातच नमूद होते. दर उतरला, हेतू मात्र बदलला.

त्यापुढचे पाऊल म्हणजे १७६५ चा मुद्रांक कायदा. इंग्लंडमध्ये मुद्रांक शुल्क १६९४ पासून होतेच. ते आता अमेरिकेत आले. वर्तमानपत्रे, पंचांगे, करारपत्रे, न्यायालयीन कागद, दारूविक्रीचे परवाने, पत्त्यांचे जोड, जुगाराचे फासे या सर्वांवर मुद्रांक लागणार होता. आपल्यासारख्यांना विशेष वाटेल असा तपशील म्हणजे महाविद्यालयीन पदवीच्या प्रमाणपत्रावर दोन पौंड आणि वकिलीच्या परवान्यावर दहा पौंड. अपेक्षित उत्पन्न वर्षाला साठ हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे फौजेच्या खर्चाच्या मानाने थोडेच.

हा कर बंदरात थांबणारा नव्हता. तो घरात, कचेरीत, छापखान्यात येणार होता. शिवाय तो नेमका मुद्रक, वकील, व्यापारी आणि खाणावळवाले यांच्यावर पडत होता. वसाहतीत लिहिणारे, बोलणारे आणि माणसे जमवणारे लोक हेच होते. ज्यांच्या हाती छापखाना आहे त्यांच्याच कागदावर कर बसवल्यास काय होते, याचा अंदाज ग्रेनव्हिल यांना आला नाही.

ऑगस्ट १७६५ मध्ये बोस्टनमध्ये मुद्रांक वितरक अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा झाडाला टांगला गेला आणि काही दिवसांनी उपराज्यपाल टॉमस हचिन्सन यांचे घर लुटले गेले. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथे नऊ वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र आले. व्यापाऱ्यांनी इंग्लिश मालावर बहिष्कार टाकला. कायदा अमलात यायच्या दिवशी, १ नोव्हेंबर १७६५ रोजी, बहुतेक ठिकाणी मुद्रांक विकायला माणूसच उरला नव्हता. जॉर्जियात तेवढी थोडीफार विक्री झाली. मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने कायदा मागे घेतला. मात्र त्याच दिवशी दुसरा कायदा करून वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा आपला अधिकार अबाधित असल्याचे जाहीर केले. कर गेला, पण अधिकाराचा दावा राहिला.

३. संमतीचा सिद्धांत

बोस्टनचे वकील जेम्स ओटिस यांनी १७६४ साली एका पुस्तिकेत मांडलेला मुद्दा असा होता की, ज्या सभेत आपला प्रतिनिधी नाही तिने आपल्यावर कर बसवणे म्हणजे आपली मालमत्ता आपल्या रजामंदीवाचून घेणे होय. हा विचार अमेरिकेत जन्मलेला नव्हता, तो इंग्लंडच्याच इतिहासातून आला होता. १२१५ चा मॅग्ना कार्टा, १६२८ ची हक्कांची विनंती आणि १६८९ ची हक्कांची सनद या तिन्हींतून, राजाला लोकसभेच्या संमतीशिवाय पैसा घेता येणार नाही, ही परंपरा दृढ झाली होती. जॉन लॉक यांनी त्याला तात्त्विक बैठक दिली : शासन माणसाचे जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी असते; ते संमतीवर उभे असते; आणि विश्वासभंग करणारे शासन बदलण्याचा अधिकार लोकांना असतो.

लॉक किती जणांनी मुळातून वाचला, हा प्रश्न निराळा. इतिहासकार बर्नार्ड बेलिन यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की वसाहतींतील पुस्तिकांवर इंग्लंडमधील विरोधी पक्षाच्या लेखकांचा, विशेषतः ट्रेंचर्ड आणि गॉर्डन यांच्या निबंधांचा, मोठा ठसा होता. सत्ता स्वभावतः पसरत जाते, तिला कायम फौज व मिंधे अधिकारी मिळाले की स्वातंत्र्य संपते, हा त्यांचा इशारा होता. हा चष्मा लावलेल्या वाचकाला नवा कर, नवी फौज आणि ज्यूरी नसलेले न्यायालय ही एकाच कटाची तीन अंगे दिसू लागली. याउलट गॅरी नॅश यांच्यासारख्या इतिहासकारांनी बंदरांच्या शहरांतील गरिबी, युद्धानंतरची मंदी आणि कारागिरांचा राग यांकडे लक्ष वेधले. दोन्ही बाजू एकत्र वाचल्यावरच चित्र पुरे होते. पुस्तिका वकिलाने लिहिली. पुतळा टांगणारे हात चांभाराचे आणि खलाशाचे होते.

लंडनचे प्रत्युत्तर 'आभासी प्रतिनिधित्व' या कल्पनेवर उभे होते. पार्लमेंटचा प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो. मँचेस्टर, बर्मिंगहॅम या शहरांनाही स्वतंत्र सभासद नाही, तरी ती कर भरतात, मग बोस्टनने का भरू नये? मेरीलँडचे वकील डॅनियल ड्युलॅनी यांनी याचे उत्तर दिले : इंग्लंडमधील मतदार व बिनमतदार यांचे हित एकमेकांत गुंतलेले आहे, अमेरिकेवर कर बसवला तर इंग्लंडच्या मतदाराचा भार उलट हलका होतो. म्हणजे ज्याच्यावर ओझे नाही तो दुसऱ्याच्या ओझ्याला संमती देतो. साऱ्या वादातील हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे, आणि वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे.

४. पगार कोणाच्या हाती?

वसाहतींचा आक्षेप 'अंतर्गत' कराला आहे, बंदरातील जकातीला नाही, असे गृहीत धरून चार्ल्स टाऊनशेंड यांनी १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. पेनसिल्व्हेनियाचे जॉन डिकिन्सन यांनी शेतकऱ्याच्या नावाने लिहिलेल्या पत्रमालिकेत हा भेद पुसून टाकला. जकात नियमनासाठी असेल तर मान्य, महसुलासाठी असेल तर तोही करच.

यात आणखी एक बाब होती, जिच्याकडे आपली पाठ्यपुस्तके क्वचितच लक्ष देतात. या उत्पन्नातून वसाहतींतील गव्हर्नर व न्यायाधीश यांचे पगार द्यावयाचे होते. तोवर हे पगार बहुधा स्थानिक विधानसभा मंजूर करीत, आणि हाच त्यांचा गव्हर्नरावरील लगाम होता. पगार लंडनहून मिळू लागला की गव्हर्नराला सभेची गरज उरणार नव्हती. कर थोडा असला तरी तो स्थानिक स्वराज्याच्या मुळावर येत होता.

पुन्हा बहिष्कार झाला. इंग्लिश कापड टाळून स्त्रिया घरोघर सूत कातू लागल्या. बोस्टनमध्ये फौज आली आणि ५ मार्च १७७० च्या गोळीबारात पाच माणसे मेली. त्यांत आफ्रिकन व मूलनिवासी वंशाचा खलाशी क्रिस्पस ॲटक्स होता. त्याच वर्षी पार्लमेंटने चहा वगळून इतर जकाती रद्द केल्या. चहावरील पौंडामागे तीन पेन्स तेवढे तत्त्वासाठी ठेवले. दोन्ही बाजूंना तत्त्व सोडवेना.

५. चहा, कंपनी आणि बंगाल

या ठिकाणी अमेरिकेचा इतिहास आपल्या इतिहासाला थेट भिडतो. १७६५ साली मार्चमध्ये मुद्रांक कायदा मंजूर झाला आणि ऑगस्टमध्ये बादशहा शाह आलम यांच्याकडून ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी मिळाली. इंग्लंडला अमेरिकेतून जो महसूल मिळेना, त्याहून कितीतरी मोठा महसूल बंगालमधून कंपनीच्या हाती आला. १७६७ पासून कंपनीने सरकारी खजिन्यात दरसाल चार लाख पौंड भरावे असे ठरले. भागधारकांनी लाभांश वाढवून घेतला.

पुढे १७७० चा भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे दगावली. तरी १७७१ ची महसूल वसुली दुष्काळापूर्वीच्या १७६८ पेक्षाही अधिक होती, अशी नोंद वॉरन हेस्टिंग्ज यांच्या राजवटीच्या अहवालात आहे. मात्र युद्धांचा खर्च, नोकरांची लूट आणि १७७२ ची युरोपीय आर्थिक मंदी यांमुळे कंपनी स्वतः दिवाळखोरीच्या काठावर आली. लंडनच्या गोदामांत कोट्यवधी पौंड वजनाचा चहा पडून होता. हा चहा चीनचा होता; भारतात चहाचे मळे अजून व्हायचे होते. १७७३ मध्ये सरकारने कंपनीला चौदा लाख पौंड कर्ज दिले, रेग्युलेटिंग ॲक्टने तिच्या कारभारावर देखरेख आणली आणि चहा कायद्याने तिला अमेरिकेत आपल्या अडत्यांमार्फत थेट चहा विकण्याची मुभा दिली. आपण हे तीन निर्णय बहुधा वेगवेगळ्या धड्यांत शिकवतो. वास्तविक ते एकाच संकटावरचे उपाय होते.

नव्या व्यवस्थेत चहा तस्करीच्या डच चहाच्या तोडीस तोड स्वस्त पडला असता. म्हणूनच संशय वाढला. स्वस्त चहा घेतला की तीन पेन्स भरले जाणार, आणि भरले की अधिकार मान्य केल्यासारखे होणार. स्थानिक व्यापाऱ्यांना मक्तेदारीची भीती होतीच. डिकिन्सन यांनी त्याच वर्षी टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात कंपनीने आशियात केलेल्या लुटीचा दाखला देऊन, आता तिची नजर अमेरिकेकडे वळली आहे असा इशारा दिला.

बोस्टनमधील घटनाक्रमही समजून घेण्याजोगा आहे. जहाज बंदरात नोंदल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होई. 'डार्टमथ' जहाजाची मुदत १७ डिसेंबर १७७३ रोजी संपत होती. जहाज परत पाठवावे ही सभेची मागणी होती. आता गव्हर्नर असलेले हचिन्सन परवाना देईनात. त्यांचे मुलगे चहाचे अडते होते आणि त्यांचा स्वतःचा पगार जकातीच्या उत्पन्नातून येत होता. १६ डिसेंबरच्या रात्री मोहॉक मूलनिवाशांचे सोंग घेतलेल्या लोकांनी तीन जहाजांवरील ३४२ पेट्या पाण्यात रिकाम्या केल्या. न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथून मात्र जहाजे माल न उतरवता परत गेली. जेथे गव्हर्नराचे हित करात गुंतले होते तेथेच स्फोट झाला.

६. अर्जाकडून जाहीरनाम्याकडे

पार्लमेंटने १७७४ मध्ये बोस्टन बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत फेरफार करून ग्रामसभांवर निर्बंध घातले. शिक्षा एका वसाहतीला झाली, पण भीती सगळ्यांना वाटली. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फिया येथे बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन व काँकर्ड येथे रक्त सांडले. तरीही वर्षभर राजाकडे अर्ज जातच होते, कारण तक्रार पार्लमेंटविरुद्ध आहे, राजाविरुद्ध नाही, अशी समजूत होती.

ही समजूत मोडली ती टॉमस पेन यांच्या 'कॉमन सेन्स' या जानेवारी १७७६ मधील पुस्तिकेने. पेन इंग्लंडमध्ये पूर्वी अबकारी खात्यात नोकरीला होते. कराविषयीच्या वादातून निघालेल्या या क्रांतीची सर्वांत प्रभावी पुस्तिका एका माजी कर अधिकाऱ्याने लिहावी, हा योग लक्षणीय आहे. त्यांनी मुद्दा करावरून उचलून थेट वंशपरंपरागत राजेशाहीवर नेला. भाषेच्या अध्यापकांनी पाहावे असे त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे साधी भाषा : लॅटिन वचने नाहीत, कायद्याची कलमे नाहीत, सामान्य माणसाला ठाऊक असलेल्या बायबलमधले दाखले आहेत. विचार पोथीतून बाहेर पडून बाजारात आला तो भाषेच्या बळावर.

४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात तक्रारींची लांबलचक यादी आहे. तीत संमतीवाचून कर बसवल्याचा उल्लेख एकदाच, यादीच्या उत्तरार्धात येतो. उरलेल्या तक्रारी सभा बरखास्त करणे, न्यायाधीशांना मिंधे करणे, शांततेत फौज ठेवणे अशा आहेत. बारा वर्षांत वाद करापासून कोठवर आला, हे या यादीवरून कळते.

७. संमती कोणाची?

या क्रांतीचे मोठेपण सांगताना तिचे अपुरेपणही सांगितले पाहिजे. तेरा वसाहतींच्या सुमारे पंचवीस लाख लोकसंख्येपैकी जवळजवळ पाच लाख माणसे गुलाम होती. स्वातंत्र्याची सर्वांत मोठी हाकाटी गुलामांच्या मालकांकडूनच कशी ऐकू येते, असा टोमणा सॅम्युअल जॉन्सन यांनी १७७५ मध्ये मारला होता. जेफर्सन यांच्या मसुद्यातील गुलामांच्या व्यापाराचा निषेध काँग्रेसने गाळून टाकला. मॅसॅच्युसेट्समधील गुलामांनी हेच स्वातंत्र्याचे शब्द वापरून १७७३ पासून अर्ज केले. मूलनिवाशांच्या वाट्याला तर जमिनी गमावणेच आले. एडेन्टन येथे १७७४ मध्ये ५१ स्त्रियांनी बहिष्काराच्या निवेदनावर सह्या केल्या, पण नव्या राज्यांत मताधिकार बहुतांशी मालमत्ताधारक पुरुषांपुरताच राहिला.

असे असले तरी मांडलेला सिद्धांत मांडणाऱ्यांच्या ताब्यात राहिला नाही. ज्यांना त्यातून वगळले होते त्यांनीच तो पुढे नेला. महात्मा फुले यांच्यावर पेन यांच्या 'राइट्स ऑफ मॅन' या ग्रंथाचा प्रभाव होता, आणि १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, ही गोष्ट या संदर्भात आवर्जून सांगावी.

नव्या राष्ट्रालाही कराचा प्रश्न चुकला नाही. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज यांच्या नेतृत्वाखाली आपल्याच निवडलेल्या सरकारविरुद्ध उठाव केला. १७८७ च्या राज्यघटनेने संघसरकारला कर बसवण्याचा अधिकार दिला, पण महसुलाची विधेयके प्रतिनिधिगृहातच सुरू व्हावीत अशी अट घातली. १७९४ मध्ये दारूवरील कराविरुद्ध झालेले बंड राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी फौज पाठवून मोडले. संमतीचे राज्य म्हणजे करमुक्त राज्य नव्हे, हा धडा त्यांनाही शिकावा लागला.

८. वर्गासाठी काही दुवे

हा विषय आपल्या प्रदेशाशी जोडून शिकवता येतो. १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरल्यावर युद्ध भारतातही आले. इंग्रजांनी १७७९ मध्ये फ्रेंचांचे माहे घेतले आणि पुढच्याच वर्षी हैदर अली कर्नाटकात उतरला. त्याची कीर्ती एवढी की १७८२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाला त्याचे नाव होते. पुण्यात नाना फडणवीसांकडे आलेल्या सेंट लुबिन या फ्रेंच वकिलामुळे इंग्रज साशंक झाले. १७८० मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला घेतला आणि १७८२ चा तह त्याच परिसरातील सालबाई येथे झाला. यॉर्कटाऊन येथे १७८१ मध्ये ज्यांच्या सैन्याने शरणागती पत्करली ते लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन येथे आले आणि १७९३ मध्ये त्यांनी बंगालमध्ये कायमधारा लागू केला. तेथे संमतीचा प्रश्न कोणी विचारला नाही.

समारोप

१७६५ साली एकाच साम्राज्याने दोन खंडांत महसुलाचा हक्क सांगितला. अमेरिकेत लोकांकडे विधानसभा होत्या, वृत्तपत्रे होती, ग्रामसभा होत्या आणि आपण संमती नाकारू शकतो हा विचार होता. बंगालमध्येही फकीर व संन्याशांचे उठाव झाले, मजनू शाह यांचे नाव त्यांत अग्रभागी आहे. परंतु रयतेचे म्हणणे मांडणारी सभा नव्हती. दुःख दोन्हीकडे सारखे नव्हते. बंगालचे शतपटीने अधिक होते. त्यामुळे दुःख जास्त तेथे क्रांती, असा सोपा नियम टिकत नाही. तक्रारीला शब्द देणारा विचार आणि तो विचार वाहून नेणाऱ्या संस्था असाव्या लागतात.

भारतीय राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदानुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही, आणि धनविधेयक लोकसभेतच मांडावे लागते. बोस्टन आणि बंगाल दोन्हींचा अनुभव या एका ओळीमागे उभा आहे. काडेपेटीसारखी साधी वस्तू विकत घेतानाही आपला विद्यार्थी कर भरतो. तो कोणाच्या संमतीने भरतो, हे त्याला सांगता आले, तर हा धडा शिकवल्याचे चीज झाले असे म्हणता येईल.